आश्रुबाची टांगलेली मंडळी

दाढी करून घेताना कोणी टक लावून बघत बसलं तर मला खपत नाही. आणि आश्रुबाच्या दुकानात तर शंभर-दीडशे जण बघत असतात. हत्ती बघतो, बदक बघतं, झांज वाजवणारं माकड बघतं, बंदूक रोखलेला हिरवा शिपाई बघतो. सगळे बोटभर उंचीचे. मी त्याला कितीदा तरी म्हटलं असेल, बाबा रे, हे दुकान केस कापायचं आहे की जत्रेतलं? त्यावर तो माझ्या तोंडाला आणखी थोडा साबण फासतो, म्हणजे माझं बोलणंच बंद होतं. न्हाव्याशी वाद घालण्यात हाच तोटा. मान आपली आणि वस्तरा त्याचा.

पोखर्णीत नृसिंहाच्या देवळाकडे वळणाऱ्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं दुकान आहे. समोर माझं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करून द्यायचं माझं काम. त्यामुळे दिवसभर आम्ही एकमेकांची तोंडं बघत असतो, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी त्याच्या बाकड्यावर जाऊन बसतो. माझा स्वभाव चिडका, त्याचा थंड. चिडक्या माणसाला असा एखादा थंड शेजारी लागतोच, नाहीतर चिडून उपयोग काय?

आश्रुबा कटिंग-दाढी सगळ्यांची करतो, पण त्याचं नाव आहे ते जावळासाठी. नृसिंह ज्यांचं कुलदैवत आहे ती माणसं लांबलांबून लेकरं घेऊन येतात. मामा लेकराला मांडीवर घेतो, आत्या पदर पसरून केस झेलते, आई जरा बाजूला उभी राहून डोळे पुसते, आणि या सगळ्यांच्या मधोमध आश्रुबा. लेकराच्या डोक्याला जन्मात पहिल्यांदा पातं लागणार असतं. ते हातपाय झाडतं, मान वेडीवाकडी फिरवतं, मामाचं नाक फोडतं. वस्तऱ्याला तर न हलणारं डोकं लागतं. बाकीचे न्हावी काय करतात? मामाला सांगतात, घट्ट धर. मामा घट्ट धरतो, लेकरू दुप्पट रडतं, आणि जावळ म्हणजे कुस्ती होऊन बसते. आश्रुबाला ते पटत नसे. धरून ठेवलेलं डोकं आतून ताठलेलं असतं, त्यावर वस्तरा नीट चालत नाही, असं त्याचं म्हणणं.

म्हणून त्यानं खेळणी आणली. चिवड्याच्या पाकिटातून निघालेला मोर, जत्रेतला मातीचा हत्ती, वाढदिवसाच्या केकवरचे नवरा-नवरी, पोळ्याचा लाकडी बैल, बुद्धिबळातला एक घोडा. देवाची मूर्ती मात्र एकही नाही. देवाला दोऱ्यानं टांगत नसतात, असं तो म्हणतो. सगळ्यांना मिळून तो ‘मंडळी’ म्हणतो.

पहिल्यांदा त्यानं मंडळी आरशाखालच्या फळीवर ओळीनं मांडली. दिसायला झकास. पण लेकरू ती बघायला हनुवटी वर करायचं आणि मानेवरचे केस कातडीच्या घडीत दडून बसायचे. मग त्यानं फळी रिकामी केली आणि घमेलं पालथं घालून मंडळी जमिनीवर बसवली. आता लेकरू खाली वाकून बघू लागलं आणि मागची मान आपसूक मोकळी झाली. मला ती युक्ती आवडली होती, पण मी तसं बोललो नाही. उगाच शेफारला असता.

पुढचा प्रश्न कानांचा. कानामागून वस्तरा न्यायचा तर लेकरानं मान वळवायला हवी. त्यासाठी त्यानं एका बाजूला लोणच्याच्या बरणीत पाणी भरून आत रबरी मासे सोडले आणि दुसऱ्या बाजूला जुन्या टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात मोटारगाड्या लावल्या. लेकरू मासे बघायला वळलं की हा कान उरकायचा, गाड्या बघायला वळलं की तो. पण लेकरं हट्टी. ज्याला मासे आवडले तो गाड्यांकडे ढुंकूनही बघेना. अर्धं डोकं गुळगुळीत व्हायचं आणि अर्ध्यासाठी सगळ्या नातेवाइकांना टाळ्या पिटाव्या लागायच्या.

शेवटी सायकलीची रिम आली. ती त्यानं खुर्चीच्या पुढे आढ्याला आडवी टांगली आणि कडेनं दोऱ्यांना मंडळी बांधली, कोणी वर, कोणी खाली. फिरायला बेअरिंग मी दिली, एका भंगार मोटारीतली. बायनाबाईच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, मोडक्या शिलाई मशीनचं पायडल त्यानं दोरीनं रिमला जोडलं. हात डोक्यावर, पाय पायडलवर. पाय दाबला की डावीकडून मोर निघतो, लेकराच्या गुडघ्यांवरून सावकाश पुढे जातो आणि उजवीकडे दिसेनासा होतो. त्याच्यामागून हत्ती, हत्तीमागून शिपाई. लेकराची मान त्यांच्याबरोबर फिरत राहते आणि आश्रुबाचा वस्तरा तिच्या मागून चालतो. घट्ट धरायची गरजच उरली नाही. मामा लोक नुसते मांडी घालून बसायला लागले.

बायनाबाईचं मत वेगळं होतं. लेकरांचं निस्तं नाव हाय, खेळायलंय हे म्हातारं, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आणि तिचंही खरं होतं. दुकान बंद करताना तो एकेका दोऱ्याची गाठ तपासायचा, मोराला फुंकर मारायचा. कोणी खेळणं मागितलं तर या गोड माणसाच्या कपाळावर आठी पडायची. दिवाळीला बायनाबाईच सगळ्या मंडळींना परातीत घालून धुवायची, हेही सांगायला हवं.

रिमचा आणखी एक गुण होता, तो आश्रुबालाही नंतर कळला. पाथरीकडचं एक कुटुंब मोठ्या मुलीनंतर धाकट्याचं जावळ करायला आलं, तेव्हा ती मुलगी पाच वर्षांची होती. जाड चष्मा, एक डोळा तिरका. आई म्हणाली, या डोळ्यानं तिला दिसतच नाही, डॉक्टर म्हणाले तान्ही असताना आणली असती तर काहीतरी झालं असतं. आश्रुबाला त्या मुलीचं जावळ आठवलं. रिम तेव्हा नवीनच होती. एका बाजूनं येणारी मंडळी तिला उशिरा दिसत होती, अगदी नाकासमोर आल्यावर. तेव्हा त्याला वाटलं होतं, पोरगी सुस्त आहे.

तेव्हापासून तो नुसतं डोकं बघेना, नजर कधी वळते तेही बघू लागला. तो काही डॉक्टर नव्हे, आणि तसा आवही त्यानं कधी आणला नाही. कितीदा तरी त्याला शंका आली आणि ती खोटी निघाली. लेकरू झोपेला आलेलं असायचं, एवढंच. एकदा मात्र शंका फार आली म्हणून त्यानं एका आजीला हळूच सांगितलं, तर तिनं देवाच्या दारात अभद्र बोलतो म्हणून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. शुभकार्यात वाईट बोलू नये, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं. त्यानंतर तो बोलायचाच झाला तर लेकराच्या बापाला गाठून, रस्त्यापर्यंत सोडायला जाताना, दबक्या आवाजात बोलायचा.

त्याची मुलगी शिवकन्या पाथरीला दिली आहे. जावई योगीराज, त्याचंही एसटी स्टँडजवळ सलून. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला, नरहरी. सासू तानुबाई तोंडानं जरा तिखट. इतकी वर्षं मूल नाही म्हणून शिवकन्येला तिनं काय काय ऐकवलं होतं ते बायनाबाईनं मला सांगितलं आहे आणि मी ते इथे लिहिणार नाही. पण नातू झाल्यापासून तीच तानुबाई नातवाला खाली ठेवायला तयार नसे. जावळ आश्रुबाच्याच हातून आणि पोखर्णीलाच, हेही तिनंच ठरवलं.

त्या दिवशी आश्रुबानं दुकानाला तोरण लावलं. मला नवा शर्ट घालून यायला सांगितलं, मी जुनाच धुऊन घातला. आश्रुबाचा मुलगा हरिओम मामा म्हणून मांडी घालून बसला, योगीराजची बहीण पदर पसरून उभी राहिली. नरहरी गुटगुटीत, डोक्यावर कुरळ्या केसांचं टोपलं. मांडीवर ठेवलं तर गप्प. पाणी लावलं, गप्प. वस्तरा लागला तरी हूं नाही की चूं नाही. बायका कौतुक करायला लागल्या. तानुबाईची तर छाती फुगली. आमचं लेकरू लय गुणी हाय, दिवसभर असंच राहतंय, असं ती बाकड्यावरच्या सगळ्यांना, मलासुद्धा, सांगू लागली.

मी आश्रुबाच्या पायाकडे बघत होतो. पायडल एका लयीत चाललं होतं, ते थांबलं. मग उलटं चालू झालं. आता मंडळी उजवीकडून येऊ लागली आणि नरहरीनं मोराला आल्याबरोबर हेरलं, हात पुढे केला, हसला. सगळे हसले. पायडल पुन्हा सुलटं झालं. डावीकडून मोर निघाला, पोराच्या खांद्यापाशी आला, गुडघ्यावर आला, आणि पोरगं समोर शून्यात बघत बसलेलं. मोर अगदी नाकासमोर आला तेव्हा दचकलं. आश्रुबानं असं तीन-चार वेळा केलं. त्याचा चेहरा मी इतकी वर्षं आरशात बघतोय. तो असा कधी दिसला नव्हता.

मग त्यानं कपाळावरचे केस सावरायचं निमित्त करून डावा तळहात नरहरीच्या डाव्या डोळ्यावर ठेवला. पोरगं स्वस्थ. तळहात उजव्या डोळ्यावर सरकवला, आणि त्या गुणी लेकरानं असा टाहो फोडला की रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. हात काढला, गप्प. पुन्हा ठेवला, पुन्हा टाहो. रडलं बाई एकदाचं, जावळाला लेकरू रडावंच, असं कोणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा झाला.

आश्रुबा हसला नाही. बोललो तर पोरीच्या सासरी काय होईल ते त्याला ठाऊक होतं. इतक्या वर्षांनी झालेलं मूल, तेही अधू दिलंस, हे वाक्य तानुबाईच्या तोंडी यायला किती वेळ लागला असता? आणि न बोलावं तर डोळा जाणार. संध्याकाळी फोनवर हळूच सांगू, असं एखाद्यानं मनाशी म्हटलं असतं. मी म्हटलं असतं. पण फोनवर सांगितलेली गोष्ट घरात किती दिवस टोलवली जाते, हे त्यालाही कळत होतं. नरहरीचं अर्धं डोकं गुळगुळीत झालं होतं आणि अर्ध्यावर कुरळं टोपलं तसंच होतं. आश्रुबानं वस्तरा पुसला, मिटला आणि फळीवर ठेवला.

तानुबाईनं व्याह्याला विचारलं, “इवाई, हात का थांबवलाव?”

“इहीनबाई, लेकराला डाव्या डोळ्यानं दिसंना. आधी परभणीला दाखवून या. ऱ्हायलेलं मंग करतो.”

शिवकन्येनं भिंतीला हात टेकला. तानुबाई उठून उभी राहिली. देवाच्या दारात असं अभद्र बोलता, पोटच्या पोरीचं लेकरू आहे हे, अर्ध्या डोक्याचं पोर घेऊन आम्ही गावात कोणत्या तोंडानं जायचं, असं बरंच काही ती बोलली. आवाज चढत गेला. आश्रुबा खाली मान घालून ऐकत राहिला, पण त्याचा हात काही वस्तऱ्याकडे गेला नाही. शेवटी ती मुलाकडे वळली.

“योगीराज, तू घे वस्तरा. तुला बी येतंय की.”

मला वाटलं, आता संपलं. योगीराज न्हावीच, अर्धं डोकं त्याला म्हणजे डाव्या हाताचा मळ. तो पुढे आला, लेकरासमोर उकिडवा बसला. वस्तरा त्यानं उचललाच नाही. सासऱ्यानं जे केलं तेच त्यानं केलं. तळहात डाव्या डोळ्यावर, पोरगं गप्प. उजव्या डोळ्यावर, टाहो. पुन्हा एकदा करून बघितलं. मग पोराचं तोंड दाराच्या उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिला. उठला. बाहुलीत बारीक पांढरं काहीतरी आहे, आपण जीपनं आत्ताच परभणीला निघू, एवढंच तो आईला म्हणाला.

ते गेले. आत्याच्या पदरात अर्ध्याच जावळाचे केस होते, त्यांचं काय करायचं ते कोणालाच कळेना. बायनाबाईनं ते स्वच्छ फडक्यात बांधून घेतले. मी आश्रुबाला घरी चल म्हटलं तर तो खुर्चीतच बसून राहिला. त्या दिवशी मला त्याची फार काळजी वाटली आणि मी ती तोंडानं बोलूनही दाखवली. असं मी सहसा करत नाही.

परभणीच्या डॉक्टरांनी नांदेडला पाठवलं. डोळ्यात जन्मापासूनच मोतीबिंदूसारखा पडदा होता, तो ऑपरेशन करून काढला. पण खरी झुंज पुढे होती. पडदा गेला तरी त्या डोळ्याला बघायची सवयच नाही. म्हणून रोज काही वेळ चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून त्याला कामाला लावायचं. किती दिसेल ते आत्ता सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. पट्टी लावली की नरहरी आकांत करायचा, ओरबाडायचा. शिवकन्येला ते बघवेना. तिच्या हातून पट्टी लागेना. मग पट्टी लावायचं काम तानुबाईनं घेतलं. नातवाचे दोन्ही हात काखेत धरून ती त्याला घेऊन बसायची. पोरगं तिला चावायचं.

ती शिवकन्येला काही बोलली का? बोलली. पहिल्या काही दिवसांत बोललीच. पण पट्टी रोज लावावी लागत होती, आणि जो माणूस रोज लेकराला रडवतो त्याला दुसऱ्याच्या पोरीला नावं ठेवायला फारसा दम उरत नसावा. हळूहळू ते बोलणं कमी होत गेलं, असं शिवकन्येनंच आईला सांगितलं.

इकडे आश्रुबाच्या रिमला टकलं पडायला लागली. आधी मोर गेला, मग लाल बदक, मग पिवळी बस. मी विचारलं तर म्हणाला, पाथरीला नेली. मोडक्या छत्रीच्या काड्या मोकळ्या करून त्यानं त्या नरहरीच्या पाळण्यावर उलट्या बांधल्या होत्या आणि प्रत्येक काडीच्या टोकाला आपल्या मंडळींतलं एकेक जण लटकवलं होतं. मोठं, भडक रंगाचं आणि जवळ. लेकराचा डोळा जसा सरावेल तसं बारीक आणि लांब न्यायचं, असा त्याचा हिशेब. डॉक्टरांना विचारून घे म्हटलं, तर त्यांनाच विचारून केलंय म्हणाला. ज्याच्या मोराला मी कधी बोट लावलं तर चालत नसे, त्यानं निम्मी मंडळी एसटीनं, पिशवीत घालून, परगावी पोचवली होती.

राहिलं होतं ते जावळ. ऑपरेशनची जखम भरल्यावर त्यानं निरोप धाडला, आता लेकराला घेऊन या, उरकून टाकू. तानुबाईनं साफ नकार दिला. तिनं देवाला बोलून ठेवलं होतं, डोळ्याला दिसल्याशिवाय राहिलेल्या केसांना पातं लावणार नाही. झालं! त्यामुळे नरहरी एका बाजूनं कानाखाली लोंबणारे कुरळे केस आणि दुसऱ्या बाजूनं नुकते फुटलेले कोंब, अशा थाटात पाथरीत हिंडू लागला. आजा न्हावी, बाप न्हावी, आणि पोराची ही दशा. योगीराजला गिऱ्हाइकं विचारायची, घरच्याला सवड मिळंना का? आश्रुबाला मीही चिडवलं असतं, पण तो नातवाच्या डोक्याचं नाव निघालं की वस्तरा उगाच पट्ट्यावर घासत बसायचा. पोराचा डोळा उजळतो आहे की नाही, हे त्याला कोणी नक्की सांगत नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका दुपारी मी त्याच्या खुर्चीत बसलो होतो, एका गालाची दाढी झालेली. दारात जीप थांबली. तानुबाई नातवाला कडेवर घेऊन उतरली, मागून शिवकन्या आणि योगीराज. आधी फोन नाही, निरोप नाही. तिनं मला खुर्चीतून उठवलं, तेही हातानं खूण करून, जणू मी तिथे आगंतुकच. मी साबण फासलेल्या तोंडानं बाकड्यावर जाऊन बसलो. हरिओम शेतात होता, म्हणून ती स्वतःच नातवाला मांडीवर घेऊन बसली. नरहरीला जाड काचेचा छोटा चष्मा होता, मागून इलास्टिकनं बांधलेला.

तिनं नातवाच्या उजव्या डोळ्यावर आपला तळहात ठेवला. पोरगं कुरकुरलं, मान हलवली, पण टाहो फोडला नाही. तानुबाईनं मानेनंच आश्रुबाला खूण केली. त्यानं पाय पायडलवर ठेवला. आधी रिमला नुसता झटका बसला.

मग रिम फिरू लागली. उरलेल्या मंडळींत पुढे होता बुद्धिबळातला घोडा, पांढरा, अंगठ्याएवढा. डावीकडून निघाला. खांद्यापाशी आला. नरहरीची मान त्याच्याकडे वळली, जरा उशिरा, जरा शोधत, पण वळली. घोडा गुडघ्यावरून पुढे गेला आणि पोराची मान त्याच्यामागे गेली. मग मागून आलेल्या हत्तीकडे परत आली. शिवकन्या तोंडात पदर कोंबून उभी होती. मी साबणातून काय पुटपुटलो ते मलाच आठवत नाही.

आश्रुबानं फळीवरचा वस्तरा उचलला आणि नातवाच्या त्या कुरळ्या बाजूला वाकला. पातं केसांपाशी नेलं आणि तसाच थांबला. तानुबाईनं नातवाच्या डोळ्यावरचा हात काढला आणि आपल्या पदराचं टोक इवायाच्या हातात दिलं.

“आधी तुमचे डोळे पुसा,” ती म्हणाली. “दिसल्याबिगर वस्तरा चालवू नगा.”